मशीन चालू असल्याची खूण

मंडळी, आठ महिने मी एका बाईंना अपुरा प्रश्न विचारत होते, हे आज कळलं.

सोलापुरात मी हृदयाच्या मशीनची तपासणी करते. छातीत बसवलेलं हे यंत्र तारांमधून हलका करंट देऊन थकलेल्या हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र चालवतं. डावी बाजू कमीत कमी किती करंटला साथ देते, ते आम्ही करंट थोडा थोडा उतरवत बघतो.

"काही त्रास?" एवढंच मी विचारायचे आणि दुधनीच्या मावशी दर वेळी म्हणायच्या, "काय तरास न्हाय." आज त्यांना डाव्या कुशीवर झोपवलं, तर उचकी लागावी तसं पोट उडत होतं. करंट गरजेपेक्षा जास्त होता, पोट हलवणाऱ्या शेजारच्या नसेलाही लागत होता.

तो कमी केला. पोट शांत झालं आणि मावशींनी माझा हात घट्ट धरला. "बंद पडलं की वो मशीन."

पोट उडणं म्हणजेच मशीन चालू, असं मावशी आणि सोबत आलेले त्यांचे यजमान, काका, दोघं समजत होती. काका रोज सकाळी डाव्या कुशीवर झोपलेल्या मावशींच्या पोटावर हात ठेवून खात्री करायचे.

मी स्क्रीनवरचे ठोके दाखवले. काका म्हणाले, "हितं दिसतंय. घरी मला कसं कळायचं?"

मी त्यांची बोटं मावशींच्या मनगटावर ठेवली. "नाडी तुम्ही बघा, मशीन मी बघते."

रिक्षात बसेपर्यंत काकांनी ते मनगट सोडलं नाही.

तुमच्या घरात कुणी एखादा त्रास औषधाचाच भाग समजून गप्प सोसतंय का? आज विचाराल?