गुरुवारची चौदा ताटं

त्या गुरुवारी मामांनी चौदा ताटं मांडली. कोणी आलं नाही. अंधार पडल्यावर मामांनी दाळीचं पातेलं चुलीवरून उतरवलं.

हे मी पाहिलेलं नाही. मी तिथून दोन गल्ल्या पलीकडे, माझ्या खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो. जे घडलं ते मला पुढे मामींनी सांगितलं. पण चौदांपैकी एक ताट माझं होतं, म्हणून सुरुवात तिथूनच केली पाहिजे.

जिंतूरला मी शाळेत मराठी शिकवायला आलो तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. एस. टी. स्टँडच्या मागे मामांची पत्र्याची खाणावळ होती. सारवलेली जमीन, बसायला तरटाच्या दोन पट्ट्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर. आत मामी भाकरी थापत आणि बाहेर मामा वाढत. मामा उंच होते, पण पत्रा ठेंगणा असल्यामुळे की काय, कायम थोडे वाकलेले असत. सगळं गाव त्यांना मामाच म्हणे. आम्हीही तेच म्हणू लागलो.

एरवी ती मटणाची खाणावळ होती. ट्रकवाले, बाजाराला आलेली माणसं, तालुक्याच्या कचेरीत खेटे घालून दमलेले लोक तिथे जेवत. गुरुवारी मात्र कोणी फिरकत नसे, कारण गावातले निम्मे लोक त्या दिवशी मटणाला शिवत नसत. दुसऱ्या कोणी त्या दिवशी कुलूप लावलं असतं. मामांनी तो पडका वार उचलला आणि त्याचं काहीतरी करून दाखवलं.

तरुणपणी ते हैदराबादला एका बड्या अंमलदाराच्या मुदपाकखान्यात कामाला होते. भांडी घासता घासता आचाऱ्याचा हात बघून शिकले. ते शिकलेलं त्यांनी गुरुवारच्या संध्याकाळी बाहेर काढलं: चिंचेची खट्टी दाळ, तीळ-शेंगदाण्याच्या वाटणातली बघारी वांगी आणि मामींची ज्वारीची भाकरी. बस, एवढंच. लसूण-जिऱ्याचा बघार पडला की त्याचा वास स्टँडपर्यंत जाई.

एकदा एक ठेकेदार मंगळवारी जीप घेऊन आला आणि वांग्यांसाठी हटून बसला. मामा म्हणाले, "गुरुवारी या."

"अरे, पाहिजे तेवढे पैसे घे की."

"गुरुवारी या, साहेब."

ठेकेदार चिडून गेला. मी मामांना म्हटलं, "रोज केलंत तर रोज खपेल." मामा खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत म्हणाले, "रोज केलं की ते घरचं होतंय, गुरुजी. घरच्याची कोण वाट बघतंय?"

ठेकेदार गुरुवारी आला. पुढेही येत राहिला.

ज्याने वर्षभर गुरुवार चुकवला नाही, त्याच्यासाठी मामा भांड्यांच्या दुकानात जाऊन स्टीलच्या ताटावर नाव घालून आणत. तुमच्या घरी लग्नातल्या भांड्यांवर असतं तसंच, टिंबाटिंबांचं. अशी चौदा ताटं झाली. शिक्षक, कारकून, एस. टी.चे कंट्रोलर, दवाखान्यातला कंपाउंडर, तो ठेकेदार. गुरुवारी ती ताटं ठरलेल्या जागी पालथी मांडलेली असत. माणूस आला की मामा बोटाच्या पेराने ताटाच्या पाठीवर टकटक करत आणि म्हणत, "बसा. ताट वाट बघायलंय." मग ताट ज्याचं त्याने सरळ करायचं. आपल्या जागी दुसरा बसत नसे. येणं होणार नसेल तर दुपारपर्यंत सांगावा धाडायचा, हा एकच नियम होता. सांगावा नसेल तर माणूस येणार असं धरून मामा दाळ टाकत आणि सगळे आल्याशिवाय पहिली भाकरी वाढत नसत.

कंट्रोलर नेहमी उशिरा येत. "मामा, गाडी लेट झाली."

"गाडी लेट चालंल. दाळ न्हाई चालत."

कंपाउंडरला सातवी भाकरी वाढताना मामा विचारत, "हे जेवणाआधीचं हाय का जेवणानंतरचं?" सगळी पंगत हसे. कंपाउंडर मान खाली घालून आठवी मागे.

हे वाचायला सोपं वाटतं. तेव्हा सोपं नव्हतं. मामा बौद्ध होते, छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातले. आमच्यातले बरेच जण अशा घरांतून आले होते, जिथे मामांना ओसरीच्या वर घेतलं नसतं. माझे वडील गावच्या देवळाची पूजा करत. मी कुठे जेवतो हे मी त्यांना कधीच लिहिलं नाही.

पहिल्या वर्षी आम्ही जेवत होतो, पण आमच्यातले चार-पाच जण पाणी पीत नसत. जेवण उरकून समोरच्या चहाच्या टपरीवर जात आणि तिथे दोन-दोन पेले रिचवत. तालुका कचेरीतले हेडक्लार्क त्यांच्यात पुढे असत. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. मामांना हे दिसत होतं. त्यांनी एक दिवस माठ उचलून पंगतीच्या मधोमध आणून ठेवला.

मग एका गुरुवारी वांगी अशी झाली की भाऊसाहेबांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. त्यांनी माठातला पेला भरला आणि घटाघटा प्यायले. मग आणखी एक. त्यानंतर समोरच्या टपरीवर कोणी गेलं नाही.

मी नंतर मामांना विचारलं, "त्या दिवशी मिरची जास्त पडली होती का?"

मामा हसले. त्यांना असं मोकळं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही. म्हणाले, "पडली नव्हती, गुरुजी. टाकली होती."

त्या हसण्यात मला तेव्हा फक्त मिश्कीलपणा दिसला. त्या चौदा ताटांवर त्यांनी काय पणाला लावलं होतं, हे मला उशिरा कळलं. इतर सहा दिवस ते पोटासाठी खाणावळ चालवत. गुरुवारी ते वाट बघत की ही माणसं आपल्याकडे आपल्या घरच्यासारखी बसतात का, आणि बसलेली राहतात का.

सात वर्षं राहिली.

मग विद्यापीठाचं नाव बदलण्याचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्याखेड्यांतून बौद्ध वस्त्या जळाल्या. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यापैकी काहींनी ते पाहिलं असेल, काहींनी माझ्यासारखं दार लावून घेतलं असेल. एस. टी. बंद होती. माणसं बोचकी डोक्यावर घेऊन चालत तालुक्याला येत होती. मामांची बहीण तशीच आली, दोन लेकरांना घेऊन. तिचं घर राहिलं नव्हतं.

त्या गुरुवारी सकाळी भाऊसाहेब मला शाळेच्या फाटकाशी भेटले. आवाज खाली आणून म्हणाले, "आज मामाकडे नको. आपण चौदा जण तिथे बसलेले दिसलो तर लोकांच्या डोळ्यांवर येईल. त्रास त्यालाच व्हायचा."

"सांगावा धाडलाय का?"

"धाडला असेल कोणीतरी."

दुपारी कंट्रोलर भेटले. तेही तेच म्हणाले: त्यालाच त्रास. मलाही ते पटलं. पटवून घेणं अवघड गेलं नाही. सांगावा धाडायचा मीही विचार केला. पण सांगाव्यात कारण सांगावं लागतं. आजारी आहे, गावाला चाललोय, असं काहीतरी. त्या दिवशी एस. टी. बंद होती आणि आजारी कोणी नव्हतं. खरं कारण चौदांपैकी एकालाही तोंडाने बोलायचं नव्हतं. प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं. कोणाचाच सांगावा गेला नाही.

मामी सांगत होत्या, "मी म्हणलं, आज चूल पेटवू नका, कोणी येत न्हाई. नणंदही रडत म्हणली. तर म्हणले, सांगावा आला न्हाई ना? मग येत्यात."

त्यांनी चिंच भिजवली, तीळ भाजले, चौदा माणसांची दाळ टाकली. ताटं पालथी मांडली. माठ भरून मधोमध ठेवला. दिवेलागण झाली तरी दारात उभे होते. बघाराचा वास माझ्या खिडकीतून आत आला. मी खिडकी लावली.

दाळ वाया गेली नाही. मामांनी पातेलं उचललं आणि वस्तीत नेलं, जिथे गावोगावहून आलेली माणसं उघड्यावर बसली होती. तिथली एक म्हातारी ती वांगी खाऊन म्हणाली, "कुणाच्या घरी लगीन होतं का बाबा?"

"न्हाई माय," मामा म्हणाले. "माझ्याकडं पावणे येणार होते."

रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. ओसरीवर टकटक झाली. ताटाच्या पाठीवर बोटाच्या पेराची टकटक. मी ती कुठेही ओळखली असती. तिच्यामागून नेहमीचं वाक्य आलं नाही. घरमालकीणबाईंनी विचारलं, "कोण पाहिजे?" आणि मामांचा आवाज आला, "गुरुजींचं ताट हाय."

माझ्या अंगात सदरा नव्हता. सदरा घालायला किती वेळ लागतो? मी गुंड्या एकेक करून लावल्या, वरपर्यंत, गळ्याची सुद्धा, जी मी कधीच लावत नसे. बाहेर आलो तेव्हा ओसरीच्या कडेला ताट पालथं ठेवलेलं होतं. घासून लख्ख केलेलं. मामा गल्लीच्या टोकाला पोचले होते, काखेत उरलेली ताटं होती. मी हाक मारली नाही.

घरमालकीणबाई म्हणाल्या, "तुम्हीच उचला बाई ते." मी उचललं.

चौदा घरं ते तसे फिरले. त्या घरांपैकी एकाही घराने त्यांना कधी या म्हटलं नव्हतं. त्या दिवशी ते पहिल्यांदाच आमच्या दारांशी आले.

पुढच्या गुरुवारी मी ताट पिशवीत घालून गेलो. तोपर्यंत गावात शांतता झाली होती, असं लोक म्हणत. खाणावळ भरलेली होती. ट्रकवाले जेवत होते. पातेल्यात मटण होतं.

"मामा, गुरुवारी मटण?"

"ड्रायव्हर लोकाला वार नसतो."

माझ्या जागेवर कोणी क्लीनर बसला होता. मामांनी मला दाराजवळ जागा करून दिली, साधं ताट मांडलं, सरळच. मी म्हटलं, "मी माझं ताट आणलंय."

"राहू द्या पिशवीत. जेवायला नाव कशाला लागतंय?"

ते रागात नव्हते. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि शाळेत पन्नास पोरांसमोर बोलणारा मी, मला एक वाक्य जुळवता येईना. मामा भाकरी वाढून उभे राहिले. मग हळू म्हणाले, "एकानं तरी सांगावा धाडायचा, गुरुजी. मी दाळ कमी टाकली असती."

यापेक्षा जास्त ते त्या विषयावर माझ्याशी कधी बोलले नाहीत. मी जात राहिलो, सोमवारी, बुधवारी, कधीही. ते वाढत राहिले. मी माठातलं पाणी पीत राहिलो, जणू त्याने काही भरून येणार होतं. खट्टी दाळ मात्र त्या चुलीवर पुन्हा शिजली नाही. बाकीच्या तेरांपैकी एक-दोघे मटणाच्या दिवशी येत. भाऊसाहेब कधीच आले नाहीत. रस्त्यात मामा दिसले की ते बाजू बदलत.

दोन हिवाळ्यांनी मामा गेले. छातीत कळ आली आणि वाढता वाढता बसले, एवढंच. मी परभणीला बदलून गेलो होतो. मला आठवड्याने कळलं. मी वस्तीत मामींना भेटायला गेलो. त्यांनी मला पाणी दिलं आणि त्या गुरुवारची सगळी हकिगत सांगितली, मघाशी मी तुम्हाला सांगितली ती. शेवटी म्हणाल्या, "तुमचं ताट तुमी ठिवलंय का? ते विचारायचे कधी कधी. कुणी कुणी ठिवलं असंल म्हणून."

मी म्हटलं, ठेवलंय.

खाणावळ होती तिथे आता टायरचं दुकान आहे. मामी लेकीकडे नांदेडला राहतात. इतर तेरा ताटांचं काय झालं, मला माहीत नाही. माझं फडताळात आहे, पालथं.