टाकी फुल्ल

मी जहाजावरचा इंजिनियर, त्यामुळे माझा सगळा भरवसा इंजिनाच्या ताकदीवर. मुलगी म्हणाली, "बाबा, पाव मैलाच्या शर्यतीत इंजिन म्हणजे अर्धीच गोष्ट," तेव्हा मला हसूच आलं. सिंगापुरात चांगी बिझनेस पार्कात बँकेचे कॉम्प्युटर सांभाळणारी पोरगी मला इंजिन शिकवणार!

तिच्या जुन्या गाडीचा सीओई, म्हणजे सिंगापुरात गाडी ठेवायचा दहा वर्षांचा परवाना, संपत होता. पुढच्या आठवड्यात गाडी भंगारात जायची होती. त्याआधी तिला पाव मैल चौदा सेकंदांच्या आत मारायचा होता. अजून एक दशांश सेकंद जास्त लागत होता, आणि सीमेपलीकडे मलेशियात, जोहोरच्या ट्रॅकवर तो शेवटचा शनिवार होता. तिच्या शाळेची सगळी गॅदरिंग मी समुद्रावर घालवली. या वेळी मात्र हट्टाने बरोबर गेलो.

वजन कमी व्हावं म्हणून तिने मागची सीट काढली होती, स्टेपनी घरी ठेवली होती. सिंगापूर सोडताना कायद्याने टाकी पाऊण तरी भरलेली लागते, म्हणून आदल्या दिवशीच जोहोरला येऊन तिने गाडी फिरवून फिरवून पेट्रोल तळाला आणलं होतं. पुढच्या टायरमधली हवाही थोडी उतरवली. "पकड हवी बाबा. चाक जागेवर फिरलं की संपलं." मी मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नाही.

ती कागदांवर सह्या करायला गेली. किल्ली माझ्याकडे होती. बघतो तर पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला. टाकी रिकामी ठेवून बंदर सोडायचं नाही, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं. त्यात सीमेपलीकडे आलेला सिंगापूरकर तिथल्या स्वस्त पेट्रोलने टाकी भरल्याशिवाय परततो थोडाच? शेजारच्या पंपावर जाऊन मी ती काठोकाठ भरली आणि कॉलर ताठ करून परत आलो.

ती धावतच आली. नंबर लागला होता. हेल्मेट घालून बसली, क्षणभर समोर बघत राहिली आणि गेली. पुढची चाकं किंचाळली, जागेवरच फिरली.

चौदा पूर्णांक दोन दशांश.

शेजारच्या मेकॅनिकला मी विचारलं, काय चुकलं? तो म्हणाला, गाडी मागे जड झाली, तिला ओढणारी पुढची चाकं हलकी पडली. टाकी मागच्या सीटखाली असते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती आली तेव्हा मी कबूल केलं. तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "काटा दिसला होता लाह."

"मग ओरडली का नाहीस?"

"पेट्रोल काढायला वेळ नव्हता. आणि ओरडले असते तर तुमचं तोंड एवढंसं झालं असतं. इतक्या वर्षांनी बघायला आलात."

जहाजावर माझ्या चुका वरिष्ठांनी लॉगबुकात लिहिल्या, हाताखालच्यांनी पाठीमागे चघळल्या. पोटात कुणीच घातल्या नव्हत्या. माझ्या पोरीने घातली, आणि तीही स्वतःचा शेवटचा शनिवार देऊन.