तिसऱ्या मजल्यावरची खुडूक

सासूबाई गेल्यावर आम्ही सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, खापरखेड्याहून शहरात जरीपटक्यातल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. येताना त्यांनी टोपलीत दोन कोंबड्या आणल्या. सासूबाईंच्या होत्या, त्यामुळे नको कसं म्हणणार? नवरा म्हणाला, "राहू दे बाल्कनीत." आणि त्याच्या कामावर पुण्याला निघून गेला.

थंडीत निभलं. ऊन तापायला लागल्यावर कूलर सुरू केला, तर बाल्कनीतला सगळा वास हवेबरोबर घरात येऊ लागला. कूलर लावला की मळमळायचं, बंद केला की अंगाची लाही. माझं ऑफिसचं काम घरूनच चाले. मी दार-खिडक्या लावून घामाघूम बसायची. बाल्कनी धुवावी तर पाणी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडे.

त्यातच एक कोंबडी खुडूक झाली. रिकाम्या टोपलीतही अंडी उबवल्यासारखी बसून राही. बाबांनी कुही गावच्या त्यांच्या पुतण्याकडून अंडी आणून तिच्याखाली ठेवली. दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले.

"मॅडम, लोक कंप्लेंट करून राहिले. कोंबड्या हलवा."

बाबा मागून म्हणाले, "अंड्यावरून आता उठवता येत नाही तिले. पिल्लं निघू द्या, मंग मीच नेतो."

सेक्रेटरी त्यांच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडे बघून "लवकर बघा" म्हणाले आणि गेले. नवऱ्याला फोन केला, तर तोही म्हणाला, "तूच बघ ना जरा."

त्यानंतर दारावरची बेल वाजली की आम्ही दोघं गप्प बसून राहायचो. बाजारात जाताना एकदा बाबा म्हणाले, "बाहेरून कुलूप लावून जाजो. घरी कोणी नाही असं वाटंल त्यायले."

"बाबा, तुम्हाला आत कोंडून जाऊ?"

"मी कुठी जाऊन राहिलो?"

मग तसंच सुरू झालं. मी भाजी आणायला जाताना सासऱ्यांना कोंडून जायची आणि जिन्यात कोणी भेटलं तर मान खाली घालून उतरायची.

एके दुपारी बाजारातल्या दुकानांचे पंखे एकदम बंद पडले. आमच्या बिल्डिंगचीही लाईट गेली असणार. मी भाजी तशीच टाकून निघाले. जिना चढून कुलूप उघडलं, तर हॉलमध्ये कोणी नाही. बाबा बाथरूमच्या ओल्या फरशीवर नुसत्या बनियानवर बसले होते. टोपली समोर, हातात पुठ्ठा. चोच वासून धापा टाकणाऱ्या कोंबडीला ते वारा घालत होते. त्यांचा स्वतःचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बाबा, मला फोन का नाही केला?"

"तू कामात असतेस वं." थोडा वेळ पुठ्ठा हलवत राहिले. मग म्हणाले, "हिचं बरं आहे. हिले बसून राहाले काही कारण तरी आहे."

मी तांब्या भरून त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं. त्यांनी ओतू दिलं.

त्याच आठवड्यात पिल्लं निघाली. सगळी नाही, तीनच. ती जरा खाऊ-पिऊ लागली तशी बाबांनी टोपलीला कापड बांधलं आणि सकाळच्या बसने कुहीला गेले. मी बाल्कनी घासून धुतली, कूलर लावला आणि दुपारभर झोपले. चार-आठ दिवस ते पुतण्याकडेच राहतील असं मी धरून चालले होते. खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं.

दिवेलागणीला ते परत आले. चपला काढून सोफ्यावर बसले.

"आजच परत आलात? अंगण मोठं आहे ना त्यांचं? राहायचं होतं."

"कोंबड्या ठेवून घेतल्या त्यानं," बाबा म्हणाले. "मले राह्य असं कोणी म्हणलं नाही."

मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकरमध्ये मूठभर तांदूळ आणखी टाकले.