वाघोली की वाकड?

सामान कितीही आवरलं तरी वाढतंच, हे ठाऊक होतं. किस्सेही तसेच वाढतात, हे आमचं ऑफिस हललं तेव्हा कळलं! ठिबकचे पाइप विकणारी आमची कंपनी. नगरच्या सावेडीतलं ऑफिस बंद करून सगळ्यांना पुण्याला, हिंजवडीच्या बाजूला न्यायचं ठरलं. दोन महिन्यांची मुदत. त्या दिवसापासून ऑफिसात पाइपाचं कुणी बोलेना. चहाला जमलं की एकच, "तुम्ही कुठं बघताय?"

माझी अडचण जरा वेगळी होती. पुणतांब्याला आमचे अण्णा एकटे. आई गेल्यापासून दर शनिवारी मी जाऊन यायचो. हिवाळ्यात ते बाथरूममध्ये घसरले आणि शेजारी दूध द्यायला येईपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हाच ठरवलं, अण्णा बरोबर आले तर पुणं, नाहीतर नोकरी सोडायची.

अण्णांचं उत्तर तयार होतं. "मी न्हाई येनार."

"का पण?"

"हितं फाट्यावर बसलो की मानसं मला रस्ता इचारत्यात. तिथं मलाच इचारत हिंडावं लागंल!"

खोटं नव्हतं. स्टेशन कुठं, घाट कुठं, अमक्याची वस्ती कुठं, गावात येणारा प्रत्येक जण आधी अण्णांपाशी थांबायचा. शेवटी महिनाभर मागं लागल्यावर म्हणाले, "बगायला येतो. ऱ्हायचं न्हाई बोलत."

*

आमच्या ऑफिसातल्या गाडेकरांचा सिद्धांत एकदम सरळ. नगरचा माणूस नगर रोडलाच! "गावाकडं निघायचं झालं तर पुणं ओलांडायला नको," म्हणून सगळ्यांच्या आधी त्यांनी वाघोलीत फ्लॅट भाड्यानं घेतला आणि तिकडं रुजूही झाले. ऑफिस पार दुसऱ्या टोकाला आहे, असं सांगणारे आम्ही सगळे खुळे!

एका सोमवारी अकराच्या सुमारास सावेडीच्या ऑफिसात दारात कोण? हेल्मेट हातात घेतलेले गाडेकर!

"अहो, आज सुट्टी?"

"कसली सुट्टी! आठला निघालो. ट्रॅफिक हलेना. डोकं सटकलं, गाडी वळवली. ऑफिस काही आलं नसतं, नगर आलं! मिसळ मागवा."

*

सल्ले द्यायला तर सगळा जिल्हा तयार. हिंजवडीजवळ वाकडला बघतोय म्हटल्यावर राहुरीचा माझा मावसभाऊ फोनवर ओरडलाच, "वाकड? येडा झाला का? तिथं नुसता ऊस हाय!"

"तू कधी गेला होतास रे?"

"कॉलेजला असताना."

त्याचा मुलगा आता कॉलेजला आहे.

*

कांबळे मॅडम आमचं स्टोअर बघायच्या. एक नटबोल्ट इकडचा तिकडं झाला तरी त्यांना दिसायचा. घर बघायला गेल्या की फ्लॅटमध्ये शिरायच्याच नाहीत. खाली उभ्या राहून नुसत्या वर बघत बसायच्या.

एका ठिकाणी एजंट घाईला आला. "मॅडम, वर चला ना. मॉड्युलर किचन आहे. पाणी चोवीस तास!"

"चोवीस तास?"

"नळ बंदच करावा लागतो, मॅडम!"

"मग आज मंगळवारी सगळ्या बिल्डिंगीनं एकदम चादरी कशा धुतल्या?"

एजंटनं वर पाहिलं. एकूण एक गॅलरीत चादरी! नगरला दिवसाआड पाणी भरून आयुष्य गेलेल्या बाईला हा शिकवायला निघाला होता. मॅडम दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत जाऊन आल्या. एकाही दोरीवर रुमालसुद्धा नव्हता!

*

अण्णांना घेऊन मी आधी वाकडला गेलो. सोसायटी कसली, गावच होतं ते. गेटवर वॉचमननं अडवलं.

"बाबा, कुणाकडे जायचंय?"

"ते अजून ठरायचंय!"

वॉचमननं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. फ्लॅट झकास होता. पण अण्णांनी खिडकीतून डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. खाली आले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागले, "पिठाची गिरनी कुठं हाय वं?"

पहिल्यानं मोबाईल काढला आणि स्वतःच गोल गोल फिरायला लागला. दुसरी मुलगी म्हणाली, "आजोबा, पीठ ऑनलाइन येतं." तिसऱ्याच्या कानात इअरफोनची बोंडं होती, त्याला ऐकूच गेलं नाही.

परतीच्या वाटेवर शिरूर आलं. तेव्हा अण्णा म्हणाले, "तिथं ऱ्हानाऱ्यालाच तिथलं ठावं न्हाई. तिथं मी काय करू?"

मला रागच आला. मनात म्हटलं, गिरणी दिसली नाही म्हणून कुणी घर नाकारतं का?

*

मुदतीचा शेवटचा आठवडा. सोमवारी साहेबांना हो की नाही ते कळवायचं होतं. राजीनामा मी लिहूनही ठेवला होता. शनिवारी कांबळे मॅडमचा फोन आला. "वाकडच्या पुढं रावेतला एक बिल्डिंग बघा. तीन वेळा जाऊन आले. कपडे रोज थोडे थोडे वाळतात!"

रविवारी अण्णांना घेऊन गेलो. गेटपाशीच बाकड्यावर टेकले ते. "गुडघा धरलाय. तूच बग."

वर एजंटला किल्ली सापडेना. दुसरी किल्ली येईपर्यंत तास गेला. फ्लॅट बरा होता, बाथरूमला धरायला दांडीसुद्धा होती. घाईघाईनं खाली आलो, तर बाकडं मोकळं!

अनोळखी गाव, गुडघा दुखतोय, त्यांचा मोबाईल माझ्याच खिशात. वॉचमनला विचारलं.

"बाबा ना? मला दवाखाना विचारला, मग गिरणी. मग म्हणाले, ह्या सगळ्या बिल्डिंगींची नावं सांग. सांगितली, तर एकदा म्हणून दाखवली आणि गेले."

"कुठं गेले?"

त्यानं रस्त्याच्या टोकाला हात केला. मी पळतच सुटलो. कोपऱ्यावर डेअरी होती. डेअरीसमोर सामानानं भरलेला एक टेम्पो उभा होता, ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आणि खाली काठीनं रस्ता दाखवत आमचे अण्णा!

"सरळ जा. फुडं दवाखाना लागंल, तिथं वळायचं न्हाई बरं का. गिरनी आली की डावीकडं. निळं गेट."

"नक्की ना, बाबा? मघापासून तीन चकरा झाल्या."

"अरं नक्की म्हंजे काय! आमच्याच बिल्डिंगीच्या मागं हाय!"