अण्णाप्पाची भांगलण

अण्णाप्पा आणि मी गावच्या शाळेत एकाच बस्करावर बसून चौथीपर्यंत शिकलो. पुढं तो इंजिन फिटर झाला. मिरजेकडच्या कितीतरी विहिरींवरची डिझेल इंजिनं त्यानं खोलून जोडली. "खोलल्याबिगर कळत न्हाई," हे त्याचं ठरलेलं. चौथीत त्यानं नाथाजी गुरुजींचं घड्याळ खोललं होतं. ते जोडलं काही गेलं नाही, छड्या मात्र मलाही बसल्या. असो, ती गोष्ट वेगळी.

सत्तरीत त्यानं सांगलीतनं जुना कॉम्प्युटर आणला. पेन ड्राइव्हवरून त्यात लिनक्स घातलं. कॉम्प्युटरला चालवणारी मूळ यंत्रणा ती. रोज एक हुकूम टाइप करायचा, काय होतंय बघायचं आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवायचं.

एकदा म्हणाला, "गड्या, ह्यात तण लय माजलंय." झालं! शेतात भांगलावं तसा, जिचं नाव ओळखीचं नाही ती फाईल उपटत सुटला. दुपारी मशीन बंद केलं, ते परत चालूच होईना.

आणि त्यात गुरुजींचा आवाज होता! ब्याण्णवाव्या वर्षी त्यांनी आम्हा दोघांकडून पाढे म्हणून घेतले, ते अण्णाप्पानं मोबाइलवर धरून कॉम्प्युटरात ठेवलेले. महिन्याभरात गुरुजी गेले. पुढं मोबाइल विहिरीत पडला. तो आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता.

चंदनबाला वहिनी म्हणाल्या, "आवं, घड्याळापास्नं काय बी शिकला न्हाईसा!"

नेहमी उलटून बोलणारा अण्णाप्पा दोन दिवस कॅलेंडरच्या पाठीवरची टिपणं चाळत बसला. तिसऱ्या सकाळी त्याची हाक आली.

"बॅटरी उतरली तर दुसऱ्याच्या बॅटरीवर ट्रॅक्टर चालू करतोच की रं!"

तोच जुना पेन ड्राइव्ह लावून त्यानं कॉम्प्युटर त्याच्या जोरावर चालू केला आणि आतली डिस्क उघडून बघितली.

"हे बघ. चालवणारा गेला, माल जागच्या जागी हाय. दोन्ही येगळं असतंय, आज कळलं."

गुरुजी बोलायला लागले. तोच खोकला, तोच दरारा. एकोणतीसचा पाढा चाललेला. रेकॉर्डिंगातला अण्णाप्पा सातवर अडखळला, तसे गुरुजी कडाडले, "परत! पहिल्यापासनं!"

खुर्चीतला अण्णाप्पा हात बांधून उभा राहिला आणि खरंच म्हणायला लागला. सातवर परत अडकला. मी मागून हळूच सांगितलं, चौथीत सांगायचो तसं.