भावकीला सीसी

साधी मेल पाठवायलाही पाच माणसांची साक्ष लागते असं मानणारा माणूस अख्ख्या जगात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. चिंचवड गावठाणात जन्म गेलेला माणूस. चाकणकडची जमीन विकली तेव्हा मामांच्या हातात मोठा फोन आला आणि मुलगा हातचा गेला. बापाने आपल्याला न विचारता गुपचूप सह्या केल्या म्हणून तो रागाने जर्मनीला निघून गेला. मामांचा फोन तो उचलत नाही. मेलचा पत्ता तेवढा उरलाय, म्हणून मामांचा सगळा जीव त्या एका ॲपमध्ये अडकलेला असतो.

मी हिंजवडीत आयटी कंपनीत कामाला, म्हणजे जगातल्या सगळ्या मेल्स माझ्याच टेबलावरून जातात अशी त्यांची पक्की समजूत आहे. मी तिथे लोकांचे पगार काढतो हो, हे सांगून सांगून थकलो. "जावईबापू, पाठवलेली मेल माझ्याकडंबी दिसती हाय. मग ती गेली का न्हाई?" असं ते विचारतात आणि मीही क्षणभर विचारात पडतो. एकदा मुलाची मेल चुकून स्पॅममध्ये पडू शकते असं मी बोलून गेलो. झालं, तेव्हापासून ते रोज स्पॅम उघडतात, आणि उघडलंच आहे तर तिथल्या लॉटरीवाल्यांनाही 'कळवल्याबद्दल आभारी आहे' असं लिहून टाकतात. दारात आलेल्याला तसंच परत कसं पाठवायचं, म्हणतात. पण "त्यानं वाचली का, ते कुठं दिसतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू भाचीचं लग्न जरा घाईतच लावून दिलं.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे सीसी. मुलाला 'जेवतोस का वेळेवर' एवढं विचारायचं, तर सीसीत तीन चुलते, दोन आत्या, माजी नगरसेवक आणि मी. मग सगळ्यांची उत्तरं सगळ्यांना. एका आत्याने मेथीच्या लाडवांची कृती धाडली, एका चुलत्याने जमिनीचा विषय पुन्हा उकरला. मुलगा गप्पच. शेवटी मी वैतागून म्हणालो, "मामा, बापलेकाचं बोलणं आहे हे. बाकीची नावं काढा की राव."

"आन् पुन्हा तो म्हणंल, बापानं गुपचूप केलं," मामा म्हणाले.

मी सगळी नावं तशीच राहू दिली.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या कॅबमध्ये ट्रॅफिकला अडकलो होतो, तेव्हा माझा फोन वाजला. मुलाचं उत्तर, सीसीत सगळी भावकी: 'आबा, जेवतो वेळेवर. तुम्ही बीपीची गोळी घेता ना?' बास. जमिनीचा शब्द नाही, येतो असंही नाही. संध्याकाळी मामांकडे गेलो तर ते फोन मांडीवर ठेवून चिंतेत बसलेले.

"जावईबापू, आली तवा अक्षरं जाड होती. उघडली तशी बारीक झाली. पुन्हा जाड करता येत्यात का?"

न वाचलेली कशी करायची ते मी दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला एका प्रश्नाचं उत्तर येत होतं. तेव्हापासून मामा रोज सकाळी अंघोळ उरकून ती मेल नव्याने आल्यासारखी उघडतात, सावकाश वाचतात, गोळी घेतात आणि ती पुन्हा न वाचलेली करून ठेवतात. दुसरी अजून आलेली नाही.