रिकामी खिडकी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती चाचणी मी बिघडवली होती. मुद्दाम, आणि जरा मजा घेत.

नोएडातल्या आमच्या ऑफिसात पानिपतच्या ब्लँकेट-चादरवाल्या व्यापाऱ्यांसाठी ऑर्डरी घेणारं ॲप बनत होतं. मागे तीन सर्व्हर. आलेली ऑर्डर कुठल्या सर्व्हरकडे धाडायची, एवढाच वाद. मी म्हणायचो, पाळीपाळीने: पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. माझी नागपूरची सहकारी, वयाने बरीच लहान, म्हणायची, ज्याच्याकडे त्या क्षणी काम कमी, त्याच्याकडे.

"दादा, तुमचं म्हणजे पंगतीतलं वाढणं झालं. पान भरलेलं असलं तरी पाळी आली ना, घाला वरण!"

मग तिने तेच हिंदीत सांगितलं आणि अख्खी टीम हसली. मी गप्प राहिलो. माझ्या गप्प बसण्याला लोक सभ्यपणा समजतात.

वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे दिल्लीतल्या सरकारी कचेऱ्यांच्या खिडक्या मला लहानपणापासून पाठ. जो बाबू "कल आना" म्हणतो, त्याच्यासमोर कधी रांग नसते. कुणाची पद्धत घ्यायची ते ठरवायला आमच्या साहेबांनी चाचणी ठेवली; त्या दिवशी सकाळी माझी पद्धत नीट पार पडली. दुपारी तिची पाळी. मधल्या सुट्टीत तिच्याच डब्यातली पाटवडी खाल्ली, हात धुतले आणि एका सर्व्हरला बाबूगिरी शिकवली: ऑर्डर आली की काही न करता लगेच 'एरर' म्हणायचं. नादुरुस्त सर्व्हर बाजूला काढणारी तपासणीही बंद केली. तिची पद्धत बिचारी इमानदार. ही खिडकी सदा रिकामी बघून सगळ्या ऑर्डरी तिकडेच धाडत राहिली.

"मॅडम, आपका तरीका तो बैठ गया," साहेब म्हणाले. हसू दाबायला मी खोकलो.

दोन दिवस ती कारण शोधत होती. तोवर मी सर्व्हर पुन्हा शहाणा करून ठेवला होता, खुणा पुसून.

ॲपला माझी पद्धत लागली आणि दिवाळीच्या गर्दीत माझी पंगत तुंबली. व्यापारी भडकले. त्यांना शांत करायला पानिपतला कोण जाणार? "मॅडम के पास अभी काम कम है," साहेब म्हणाले.

"आपल्या माणसांना पानिपतला धाडायची खोड जुनीच ना, दादा?" असं म्हणून ती गेली. येताना माझ्यासाठी ब्लँकेट घेऊन आली. "माझी चाचणी फसली तेव्हा तुम्ही एकट्यानेच मला काही ऐकवलं नाही," म्हणाली.

त्याच आठवड्यात मी गुपचूप तिची पद्धत लावली, तपासणी चालू ठेवून. ॲप पळायला लागलं. साहेबांनी विचारलं तर म्हटलं, थोडी दुरुस्ती केली. त्यांनी माझी पाठ थोपटली.

ती अजून दोन टेबलं पलीकडे बसते. मीटिंगमध्ये आता तोंड उघडत नाही. आपलंच चुकलं होतं, असं तिला खरंच वाटतं.

तिचं बरोबर होतं आणि ते मी पाडलं, हे त्याच खोलीत, साहेबांसमोर, सगळ्यांना कळेल अशा हिंदीत सांगायचं आहे. एवढं तिचं देणं माझ्याकडे बाकी आहे.